उंबऱ्याबाहेरचे पंधरा सेकंद

सकाळचे ६.४० झाले होते. जत तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन. "साहेब, काटा वजन दावतोय, मशीन फॅट दावतंय, पण पावती निघंना. माणसं तटल्यात हितं. साडेसातला गाडी हाय." मागून कॅनचा खडखडाट आणि कुणाचा तरी चढलेला आवाज येत होता. मी दूध संघाचा नोकर नाही, सर्व्हरची कामं बाहेरून बघतो. पण माझा नंबर कुणीतरी केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, त्याला आता इलाज नाही.

संघाचं नाव इथे नको. त्यांची ३४० केंद्रं आहेत. शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिसतात. ही नोंद केंद्रावरच्या कॉम्प्युटरमधून मुंबईतल्या सर्व्हरला जाते, तिथून त्या दिवसाच्या दरपत्रकाप्रमाणे लिटरचा दर परत येतो आणि मग पावती छापली जाते. म्हणजे सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय पुढचा कॅन काट्यावर चढत नाही. वर्षानुवर्षं हे साध्या एचटीटीपीवर, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल अशा रूपात, चाललं होतं. ऑडिटमध्ये शेरा आला की शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब उघड्यावर फिरतोय. शेरा योग्यच होता. पंधरा दिवसांपूर्वी सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे त्याच्याच सांकेतिक रूपावर, हलवलं, आणि तेव्हापासून रांगा लागू लागल्या.

माझ्या आधी तिघांनी यावर मतं दिली होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी आलेख दाखवला: सर्व्हर प्रत्येक नोंदीला सरासरी ४० मिलिसेकंदांत उत्तर देतोय. सिमकार्डवाल्यांनी सांगितलं, सिग्नल पूर्वीइतकाच आहे. संघाच्या कार्यालयातल्या मुलाने आपल्या लॅपटॉपवरून साइट उघडून दाखवली, झटक्यात उघडली. तिघंही खरं बोलत होते. तोवर सर्व्हरचं मशीन दुप्पट मोठं करून झालं होतं आणि फरक शून्य.

त्या ४० मिलिसेकंदांवर आधी बोलायला हवं, कारण सगळी दिशाभूल तिथून सुरू झाली. सर्व्हरवर विनंत्या घेणारा प्रोग्राम, एनजिनएक्स, लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ लिहितो, पण त्याचं घड्याळ विनंतीचा पहिला बाइट हातात पडल्यावर सुरू होतं. त्याआधी जे घडतं, म्हणजे टीसीपीची जोडणी (नुसता संपर्क), टीएलएसचा हँडशेक (एचटीटीपीएसमधली ओळख पटवणं आणि किल्ल्या ठरवणं), त्यात सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, दाखवणं आणि तपासणं, ते या आकड्यात धरलेलं नसतं. पाहुणा उंबऱ्याबाहेर किती वेळ ताटकळला ते घरातल्या घड्याळाला माहीत नसतं, तसं. आलेख खोटा नव्हता, तो फक्त उंबऱ्याच्या आतला होता.

माझी चूक, एक दिवसाची

पहिला दिवस मी वाया घालवला, तेही सांगतो. सर्टिफिकेट ४०९६ बिटांच्या आरएसए पद्धतीच्या किल्लीचं होतं. कुणीतरी 'मोठी किल्ली म्हणजे जास्त सुरक्षित' म्हणून घेतलेलं. हँडशेकमध्ये अशा किल्लीने सही करायला २०४८ बिटांच्या मानाने कितीतरी जास्त गणित लागतं, त्यामुळे मला वाटलं की सकाळच्या गर्दीत प्रोसेसर सह्या करून दमतोय. तसं गृहीत धरून मी बसलो. संध्याकाळी शेवटी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या साधनाची वेग-चाचणी त्याच मशीनवर चालवली. एका कोअरवर सेकंदाला दोनशेच्या वर सह्या. आणि गरज किती? ३४० केंद्रं, भर गर्दीत प्रत्येकाकडून अर्ध्या मिनिटाला एक नोंद, म्हणजे सेकंदाला ११ ते १२. प्रोसेसर आरामात बसला होता. हा भागाकार सकाळीच केला असता तर दिवस वाचला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून जतकडचं ते केंद्र गाठलं. केंद्राच्या डोंगलमधलं सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं, लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला आणि कर्ल या विनंत्या पाठवणाऱ्या साधनाला टप्प्याटप्प्याचा वेळ छापायला सांगितलं. नेटवर्क २जी एजवर होतं. गावाच्या त्या कोपऱ्यात दुसरं काही पकडतच नाही. सचिव शेजारी उभे राहून बघत होते. आकडे असे आले: नाव शोधायला ०.६ सेकंद, टीसीपी जोडणी पुरी होईतो १.१५, टीएलएस हँडशेक संपेतो ३.९, आणि उत्तराचा पहिला बाइट ४.५ सेकंदांवर. त्यातले सर्व्हरचे खरे ४० मिलिसेकंद दिसतही नाहीत. निव्वळ हँडशेकला पावणेतीन सेकंद.

"म्हंजे एवढा वेळ नुसतं कोण-कुठलं इचारण्यातच जातोय?" सचिव म्हणाले. या सचिवअण्णांनी माझं निम्मं काम केलं.

पावणेतीन सेकंद कुठे गेले

त्या सिमवर निरोप मुंबईला जाऊन परत यायला साधारण ५५० मिलिसेकंद लागत होते. टीएलएस १.२ च्या पूर्ण हँडशेकला अशा दोन फेऱ्या लागतात, म्हणजे १.१ सेकंद. उरलेल्या वेळातला बहुतेक सर्टिफिकेटच्या ओझ्यात गेला. सर्व्हर पाठवत होता चार सर्टिफिकेट: आपलं स्वतःचं, दोन इंटरमीडिएट (मधले दुवे) आणि वर मूळ रूटसुद्धा (ज्यावर समोरच्या कॉम्प्युटरचा आधीच विश्वास असावा लागतो). ४०९६ बिटांच्या किल्लीमुळे पहिलंच दोन किलोबाइटच्या पुढे. सगळी साखळी मिळून जवळपास ७ किलोबाइट. ब्रॉडबँडवर ७ किलोबाइट म्हणजे काहीच नाही. पण एजवर हाती येणारा खरा वेग सेकंदाला ४० किलोबिटच्या आसपास होता, आणि ७ किलोबाइट म्हणजे ५६ किलोबिट. झाले १.४ सेकंद. रूट पाठवणं तर निव्वळ हमाली, कारण समोरच्याकडे ते आधीपासून नसेल तर आपण पाठवलेल्यावर तो विश्वास ठेवणारच नाही.

आता हे एकदाच झालं असतं तरी चाललं असतं. सकाळी एकदा ओळख पटली, मग दोन तास नोंदी पाठवत राहा. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये मी दोन रकाने वाढवले: एका जोडणीवरची ही कितवी विनंती, आणि सेशन, म्हणजे आधी पटलेली ओळख, पुन्हा वापरलं गेलं का. दुसऱ्या दिवशी सकाळचा लॉग उघडला तर पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १, १, १, १. दुसऱ्या रकान्यात नुसते टिंब. सेशन पुन्हा वापरलं की एनजिनएक्स तिथे 'आर' लिहितो, नाहीतर टिंब. केंद्रांच्या हजारो ओळींत एक 'आर' सापडला नाही. म्हणजे प्रत्येक कॅनला नवी जोडणी, नवी ओळख, पुन्हा सात किलोबाइट.

कारणं दोन निघाली. केंद्रावरचा प्रोग्राम डॉट नेटमध्ये लिहिलेला आहे आणि डॉट नेट जोडणी आपणहून १०० सेकंद धरून ठेवतं. पण सर्व्हरवर कीप-अलाइव्हची, म्हणजे रिकामी जोडणी उघडी ठेवण्याची, मुदत कुणीतरी मूळच्या ७५ सेकंदांवरून ५ वर आणली होती, 'मेमरी वाचावी म्हणून' अशी टीप लिहून. दोन कॅनांमध्ये अर्धं मिनिट तर जातंच, त्यामुळे प्रत्येक वेळी दार बंद. गंमत म्हणजे एनजिनएक्सच्या स्वतःच्या माहितीपानावर १०,००० निष्क्रिय जोडण्यांना २.५ मेगाबाइट लागतात असं लिहिलंय. टीएलएसच्या जोडणीला याहून जास्त लागते हे खरं, तरी ३४० जोडण्यांनी कुठलाही सर्व्हर वाकणार नाही.

दुसरं कारण जास्त आतलं होतं. जोडणी तुटली तरी जुनी ओळख दाखवून अर्धा हँडशेक वाचवता येतो. त्यात सर्टिफिकेट पुन्हा पाठवावं लागत नाही आणि एक फेरीही कमी होते. याचे दोन मार्ग: सर्व्हरने ओळख स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवायची, किंवा ती बंद पाकिटात घालून ग्राहकाच्याच हातात द्यायची, ज्याला सेशन तिकीट म्हणतात. एनजिनएक्समध्ये तिकीट आपोआप चालू असतं आणि कॅश आपोआप बंद. आजचे ब्राउझर तिकीट वापरतात, म्हणून कार्यालयातल्या लॅपटॉपवर सगळं झटक्यात. केंद्रांवर मात्र विंडोज ७, आणि विंडोज ७ ला तिकीट कळत नाही. त्याला कॅशच लागते. लॅपटॉपवर केलेली चाचणी केंद्राबद्दल काहीच सांगत नव्हती, ती याच्यामुळे.

जालावर या विषयाचा पहिला सल्ला 'टीएलएस १.३ चालू करा' असा असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या या आवृत्तीत हँडशेक एका फेरीत उरकतो, सल्ला चांगलाच आहे. पण विंडोज ७ मध्ये १.३ नाही, आणि ३४० कॉम्प्युटर बदलायला संघाकडे या वर्षी पैसा नाही. सर्व्हरवर ती चालू केली, पर्यवेक्षकांच्या मोबाईल अ‍ॅपला तिचा फायदा झाला, इतकंच.

आणि ते पंधरा सेकंद

साडेचार सेकंदांनी ९० शेतकऱ्यांमागे पावणेसात मिनिटं जातात. तापदायक, पण "पावती निघंना" म्हणण्याइतकं नाही. सचिवांची तक्रार वेगळी होती: मधूनच एक पावती अशी अडकते की माणूस तंबाखू मळून संपवतो. सगळ्या केंद्रांवर नाही, आणि त्या केंद्रांवरही रोज नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन, लावून बसलो. पाचव्या-सहाव्या नोंदीला सापडलं. सर्व्हरचं सर्टिफिकेट आलं, डेटाची ये-जा थांबली. आमच्या सर्व्हरकडे काहीच जाईना. पण त्याच वेळी कॉम्प्युटर भलत्याच पत्त्याचं दार ठोठावत होता: एकदा, ३ सेकंदांनी पुन्हा, त्यानंतर ६ सेकंदांनी आणखी एकदा. उत्तर नाही. बरोबर १५ व्या सेकंदाला त्याने नाद सोडला आणि आमच्या सर्व्हरशी पुढचं बोलणं सुरू झालं, जसं मध्ये काही घडलंच नव्हतं.

तो भलता पत्ता सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा होता. संघाचे सर्व्हर दोन आहेत, एकाच नावाला दोन आयपी पत्ते. कार्यालयात परतून दोन्ही आयपींना ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने वेगवेगळं विचारलं. पहिल्याने चार सर्टिफिकेट दिली. दुसऱ्याने एकच, आणि खाली पडताळणीचा कोड २१: पहिलंच सर्टिफिकेट पडताळता येत नाही. सुरुवातीला दोन्हीकडे एकटं सर्टिफिकेट बसवलं होतं. मोबाईल अ‍ॅप चालेना म्हणून कुणीतरी संस्थेकडून आलेली झिप उघडून तिच्यातलं सगळं, रूटसकट, फाइलमध्ये चिकटवलं, पण एकाच सर्व्हरवर. दुसरा राहिला तो राहिलाच.

मधला दुवा गायब असला की अँड्रॉइडचं अ‍ॅप सरळ नकार देतं. विंडोज मात्र कष्टाळू आहे. सर्टिफिकेटमध्येच लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन तो इंटरमीडिएट स्वतः आणायला बघतो, आणला की जपून ठेवतो. ज्या केंद्रांवर मोकळं इंटरनेट होतं तिथे हा उशीर एकदाच झाला आणि कुणाच्या लक्षातही आला नाही. पण ६० केंद्रांवरची सिम कुलूपबंद होती. पोरं त्यावर व्हिडिओ बघतात म्हणून संघाने आपले दोन आयपी सोडून बाकी सगळं बंद करून घेतलेलं. तिथे विंडोज बिचारा दार ठोठावत राहायचा, आणि असं काही आणण्यासाठी त्याची ठरलेली मुदत असते १५ सेकंदांची.

इथे एक प्रश्न मला झोपू देईना. दुवा मिळाला नाही, म्हणजे साखळी अपुरी. मग पंधरा सेकंदांनी जोडणी तुटायला हवी होती. ती चालू कशी राहिली? सॉफ्टवेअरवाल्यांकडून त्या भागाचा सोर्सकोड मागवला. सर्टिफिकेट तपासण्याच्या जागी एकच ओळ होती: रिटर्न ट्रू, म्हणजे काहीही आलं तरी 'बरोबर आहे' म्हण. चाचणीच्या वेळी कधीतरी अडचण आली, कुणीतरी तात्पुरतं घातलं आणि तेच ३४० केंद्रांवर गेलं. विंडोज आधी इमाने-इतबारे तपासणी करायचा, पंधरा सेकंद घालवायचा, नापास असा निकाल द्यायचा, आणि प्रोग्राम तो निकाल न वाचता पुढे जायचा. म्हणजे उशीरही सोसला आणि सुरक्षाही नाही. वाटेत कुणी स्वतःचं बनावट सर्टिफिकेट दाखवलं असतं तर केंद्राने त्यालाही दूध मोजून दिलं असतं. ऑडिटचा शेरा कागदावर मिटला होता, प्रत्यक्षात तसाच होता.

दुरुस्ती, आणि तिने उकरलेल्या गोष्टी

सर्व्हरवरचे बदल एका दुपारचे. सर्टिफिकेट त्याच संस्थेकडून ईसीडीएसए पी-२५६ या बऱ्याच लहान किल्लीवर पुन्हा काढून घेतलं. फाइलमध्ये आधी आपलं, मग इंटरमीडिएट, रूट वगळलं. साखळी ३ किलोबाइटच्या आत आली. (याचा एक आडफायदा: विंडोज ७ ला आरएसए सर्टिफिकेटबरोबर ईसीडीएचई आणि जीसीएम ही सांकेतिकीकरणाची नवी जोडी जमत नाही, ईसीडीएसएबरोबर जमते. त्यामुळे जुन्या सीबीसी पद्धती सर्व्हरवरून काढून टाकता आल्या.) सेशन कॅश १० मेगाबाइटची केली, एका मेगाबाइटमध्ये साधारण ४,००० सेशन मावतात. तिची मुदत ५ मिनिटांवरून ४ तास, म्हणजे एक अख्खं संकलन त्यात सहज बसतं. कीप-अलाइव्ह १२० सेकंद. मुद्दाम केंद्राच्या १०० पेक्षा जास्त, कारण सर्व्हरने दार लावायला आणि केंद्राने नोंद पाठवायला एक गाठ पडली तर ती नोंद अधांतरी जाते. जोडणी केंद्राकडूनच बंद झालेली बरी. आणि सेकंदाला १२ नोंदींसाठी दोन सर्व्हर एकाच वेळी कामाला लावायची गरज नव्हती. दोघांच्या कॅश वेगळ्या, आज इकडे उद्या तिकडे गेलं की ओळख वाया. आता एक कामावर, दुसरा राखीव.

खरी धावपळ प्रोग्राममधून ती एक ओळ काढल्यावर झाली. आधी दहा केंद्रांवर नवी आवृत्ती टाकली. दोन ठिकाणी कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट केलेला होता आणि त्यात रूटच नव्हतं. विंडोज ७ बरीचशी रूट लागतील तशी मायक्रोसॉफ्टकडून मागवतो, आणि सिम तर कुलूपबंद. रूट सॉफ्टवेअरच्या अपडेटबरोबरच पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी सर्टिफिकेट 'अजून वैध झालेलं नाही' असं येऊ लागलं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटनसेल मेलेला. रात्री वीज गेली की घड्याळ मागे. पावतीवर तारीख सर्व्हरकडून येत असल्याने इतकी वर्षं कुणाला कळलंच नव्हतं. रिटर्न ट्रूने हेही पोटात घातलं होतं. ३४० पैकी २३ केंद्रांवर असे मेलेले सेल निघाले. संघाच्या मेकॅनिकने महिनाभर डबीत सीआर २०३२ सेल घेऊन फेऱ्या मारल्या, आणि सिमच्या परवानगीत वेळ जुळवणारा एक सर्व्हर आम्ही घालून घेतला.

सर्टिफिकेट हाताने दोन ठिकाणी चिकटवण्याची पद्धत बंद केली. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आली आहे, १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवस होणार. वर्षातून सात-आठ वेळा कुणी झिप उघडून बसणार नाही. आता स्क्रिप्ट नवीन सर्टिफिकेट दोन्हीकडे टाकते, एनजिनएक्स रिलोड करते आणि मग बाहेरच्या तिसऱ्या मशीनवरून दोन्ही आयपींना वेगवेगळं विचारून साखळीत किती सर्टिफिकेट आली ते मोजते. आकडे जुळले नाहीत तर मला मेसेज येतो.

जतच्या केंद्रावर पुन्हा तेच सिम, तोच फोन. पहिली जोडणी साडेतीन सेकंद. त्यानंतरच्या नोंदी ०.६ ते ०.७, म्हणजे जवळजवळ एचटीटीपीच्या दिवसांइतक्याच. लॉगमधल्या पहिल्या रकान्यात १, २, ३ करत ८७ पर्यंत गेलेलं पाहिलं, आणि मध्ये जिथे सिग्नल तुटला तिथे 'आर'.

पहिल्या जोडणीचे साडेतीन सेकंद मला कमी करता आले नाहीत. एजवर याहून फार काही निघणार नाही. सचिवांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "त्याचं आमी बघतो." पुढच्या आठवड्यात लॉगमध्ये त्यांच्या केंद्राची रोज एक विचित्र नोंद दिसू लागली: सकाळी ५.५८, सभासद क्रमांक सचिवांचा स्वतःचा, दूध शून्य लिटर. पहिला कॅन दारात यायच्या आत ते ओळखपाळख उरकून घेतात. सॉफ्टवेअरवाले ती नोंद चूक म्हणून अडवणार होते. मी अडवू दिली नाही.